दुखणे, दाखला आणि आपला हक्क

(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला आपल्याकडे बहुधा मुलांचे संगोपन, घरगुती उद्योग, नाही तर वसईच्या किल्ल्याचा इतिहास असा विषय असतो. यंदा चिटणीसबाईंनी मला बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड माझ्यावर सोपवली. मी विषय सांगितला तेव्हा त्या जरा थबकल्याच. ‘सरकारी दाखला? त्यात बोलण्यासारखे ते काय?’ असे त्यांनी विचारले. परंतु दुपारच्या वेळी माझ्याकडे येऊन, दार लोटून घेऊन, हळूच हाताची बोटे पुढे करून ‘तुम्ही तो कागद कसा काढलात हो?’ असे विचारणाऱ्या भगिनी इतक्या झाल्या आहेत, की जे एकेकीला कुजबुजून सांगत आले ते आज सर्वांना मोकळेपणाने सांगावे असे मला वाटले.

मला गेली अकरा वर्षे संधिवात आहे. आपण संधिवात हा शब्द फार सैलपणाने वापरतो. उतारवयात गुडघे झिजतात तोही संधिवात, पावसाळ्यात कंबर धरते तोही संधिवात. मला जो आहे त्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. आपल्या वैद्यकात माधवनिदानात आमवाताचे जे वर्णन आहे त्याच्याशी त्याची लक्षणे बरीच जुळतात. हा झिजेचा रोग नव्हे. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीरात जी शक्ती असते, तीच उलटून आपल्या सांध्यांवर चाल करून जाते. घरचा राखणदार घरच्याच माणसांना मारू लागावा, तसा हा प्रकार आहे. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो दुपटी-तिपटीने अधिक आढळतो आणि पुष्कळदा ऐन संसाराच्या वयात येतो. दोन्ही हातांची लहान बोटे, मनगटे आणि पावलांचे सांधे त्याच्या तावडीत आधी सापडतात. सकाळी उठल्यावर तासभर, कधी त्याहूनही अधिक वेळ, हात लाकडासारखे होतात. गॅसचे बटण फिरत नाही, नळाची चकली फिरत नाही, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून उचलावा लागतो. आणि दहा वाजले की बाई चालतीबोलती झालेली दिसते! शेजारीण दहाला येते. तिला सहा वाजताची बाई कुठून दिसणार?

या रोगाला १८५९ साली गॅरड नावाच्या इंग्रज डॉक्टरने हे नाव दिले. प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार रन्वार याला हाच रोग होता. त्याची बोटे तळहातात वळली होती, अखेरची वर्षे चाकाच्या खुर्चीत गेली, कुंचला दुसऱ्याने हाती द्यावा लागे. तरी १९१९ साली मरेपर्यंत तो रंगवीतच राहिला. त्याची ती प्रसन्न, फुलाफळांनी भरलेली चित्रे पाहून कोणाला वाटेल, की या माणसाला काय धाड भरली आहे? हा दाखला मी मुद्दाम दिला. आपलेही असेच आहे. वेळेवर डबे भरले, सणाला पुरण वाटले गेले, म्हणजे घरच्यांना वाटते बाई बरी आहे. केलेले काम सर्वांना दिसते, ते करताना काय सोसले ते मात्र कोणालाच दिसत नाही.

औषधांची प्रगती पुष्कळ झाली आहे. १९४८ साली अमेरिकेत डॉक्टर हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली त्या संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे त्या औषधाचे दुष्परिणामही कळून आले आणि डॉक्टर ते जपून देऊ लागले. आज लवकर निदान झाले, नियमित औषध घेतले, तर पुष्कळ जणींचे सांधे वाकडे होण्याआधीच वाचतात. म्हणून दोन्ही हातांची बोटे सहा आठवडे सुजलेली राहिली तर मालिश आणि लेप यांवर विसंबू नका, या रोगाच्या तज्ज्ञाला दाखवा. आणखी एक सांगून ठेवते. मेथोट्रेक्सेट नावाचे जे औषध पुष्कळांना देतात, ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. घरात जी कोणी औषधे काढून देत असेल, तिला हे पक्के सांगून ठेवा.

आता मुख्य विषयाकडे वळते.

आपल्या देशात १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी कायदा झाला. त्यात सात प्रकारांची नोंद होती. २०१६ साली नवा कायदा झाला, तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि सातांचे एकवीस प्रकार झाले. पुष्कळ जणी ती एकवीसांची यादी वरपासून खालपर्यंत वाचतात, संधिवात हा शब्द कुठे सापडत नाही, आणि ‘आपले नाव यात नाही’ म्हणून कागद मिटून ठेवतात. भगिनींनो, यादीत रोगाचे नाव शोधायचे नसते. आपली अडचण चलनवलनाच्या अपंगत्वात मोडते. हाडे, सांधे, स्नायू किंवा मज्जातंतू यांच्या विकारामुळे स्वतःची हालचाल करणे वा वस्तू हाताळणे ज्याला जमत नाही, तो त्या प्रकारात येतो. म्हणजे कायदा तुम्हाला ‘कोणता रोग झाला?’ एवढेच विचारीत नाही. ‘त्या रोगाने तुमच्या हातून काय काय काढून घेतले?’ असे विचारतो. हा भेद ज्या बाईच्या ध्यानात आला, तिचा निम्मा अर्ज भरून झाला असे समजा.

परंतु अर्ज भरण्याआधी घरचा उंबरठा ओलांडावा लागतो. मी दाखल्याचा विषय काढला तेव्हा आमच्या सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, सरकारदरबारी तुझे नाव अपंग म्हणून लागणार. धाकटीचे लग्न व्हायचे आहे. लोक विचारतील, आईला काय आहे?’ त्यांचे बोलणे मायेचे होते आणि भीती खोटी नव्हती. आपल्या समाजात अशी विचारपूस होते. मी त्यांना इतकेच म्हटले, ‘आई, माझी बोटे वाकडी आहेत ही गोष्ट सोयरिकीला आलेल्या माणसांना दाखल्यावरून कळायची नाही. मी चहाचा ट्रे घेऊन पुढे आले की कळेल.’ त्या हसल्या. या रोगाकडे घराण्याचा थोडा कल असू शकतो, पण आईला झाला म्हणून मुलीला होतोच असे मुळीच नाही, हेही डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितले. दोन दिवसांनी माझी जुनी क्ष-किरण चित्रे त्यांनीच कपाटातून शोधून काढून दिली.

अर्जाची रीत अशी आहे. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन या संकेतस्थळावर करायचा असतो. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा, नाही तर सेतू केंद्रात जा. आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही अथवा अंगठा लागतो. ज्यांच्याने सही होत नाही त्यांनी अंगठा देण्यात कसलाही कमीपणा मानू नये. मग वैद्यकीय तपासणीसाठी रुग्णालय नेमून मिळते. कोणत्या वारी, किती वाजता बसतात, हाडांचे डॉक्टर त्या दिवशी आहेत की नाहीत, हे आधी विचारून मगच निघा. दुखऱ्या पायांनी एक खेप फुकट गेली, तर दुसऱ्या खेपेला मन घेत नाही.

बरोबर काय न्यावे? पहिल्या निदानापासूनचे सर्व कागद तारखेच्या क्रमाने लावलेले, रक्ताच्या तपासण्या, हातापायांची क्ष-किरण चित्रे, चालू औषधांची यादी, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र. त्या पत्रात ‘रुग्णास संधिवात आहे’ एवढ्यावर भागत नाही. कोणते सांधे किती वळतात, मूठ किती मिटते, पकड किती आहे, हे त्यांना लिहायला सांगा. डॉक्टर नाही म्हणत नाहीत, आपणच मागत नाही.

आणि एक वही न्या. ही वही मी तीन महिने ठेवली होती. दोनशे पानी, मुलांची उरलेली. रोज दोन ओळी. ‘सकाळी सात ते साडेआठ हात मिटले नाहीत. ब्लाऊजचे हूक मुलीने लावले. कणीक मळली नाही.’ ‘आज बरे. भाजी चिरली, मात्र विळीवर बसता आले नाही, ओट्याशी उभ्याने चिरली.’ बऱ्या दिवसाचीही नोंद ठेवायची, म्हणजे वहीवर विश्वास बसतो. हा रोग भरती-ओहोटीसारखा आहे. पाचूबंदरच्या भगिनींना हे सांगायला नको, की ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर आलेल्याने समुद्र इथवर येतच नाही असे म्हणू नये. तपासणी करणाऱ्यांना आपला एकच दिवस, त्यातलीही पाच-दहा मिनिटे दिसतात. उरलेले दिवस आपणच त्यांच्यापुढे ठेवायचे असतात.

तपासणीत काय पाहतात? २०१८ सालच्या मार्गदर्शक नियमांत हाताच्या ज्या क्रिया मोजायला सांगितल्या होत्या, त्या ऐकून तुम्हाला नवल वाटेल. डोक्यावरची वस्तू उचलणे, आपल्या पद्धतीने हाताने जेवणे, केस विंचरून वेणी घालणे, पेलाभर पाणी पिणे, बटणे लावणे, नाडी बांधणे, लिहिणे! पायांसाठी जिना चढणे, उकिडवे बसणे, जमिनीवर मांडी घालून बसणे. सगळे आपल्याच घरातले. शिवाय सांधा किती अंशांत फिरतो आणि स्नायूंत जोर किती आहे, तेही मापून पाहतात. या सर्वांचा हिशेब करून टक्केवारी काढतात. चाळीस टक्के आणि त्यावर असेल तर बहुतेक सवलतींचा मार्ग मोकळा होतो.

इथेच आपला बायकांचा स्वभाव आड येतो. डॉक्टर विचारतात, ‘वेणी घालता येते का?’ आणि आपण म्हणतो, ‘हो, घालते की कशीबशी.’ त्यातले ‘हो’ लिहिले जाते आणि ‘कशीबशी’ हवेत विरते. लहानपणापासून आपल्याला शिकवण अशी, की पाहुण्यांपुढे कुरकुर करायची नाही, विचारले तर ‘बरे आहे’ म्हणायचे. तिथे हा शिष्टाचार उपयोगी नाही. खोटे तर एक अक्षरही बोलू नका. नसलेले दुखणे सांगणारी बाई दहा खऱ्या बायकांचे नुकसान करते. मात्र खरे अर्धवट सांगू नका. ‘वेणी घालायला मला वीस मिनिटे लागतात, मध्ये दोनदा हात खाली घ्यावा लागतो, आणि महिन्यातले दहा-बारा दिवस मुलगीच घालते’ हे पूर्ण उत्तर झाले. ‘कशीबशी’ म्हणजे काय, ते तपशिलाने सांगायचे.

माझा अनुभव सांगते. मी पहिल्यांदा तपासणीला गेले ते ठिकाण कोणते, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. तिथे गर्दी फार होती. मी आपल्या पायांनी चालत आत गेले, तपासणाऱ्यांनी माझे गुडघे पाहिले, दोन पावले चालायला लावले, आणि हात न पाहताच कागदावर अठ्ठावीस टक्के लिहिले. मी वही पुढे केली, ती उघडली गेली नाही. बाहेर आल्यावर आमचे यजमान म्हणाले, ‘आता पुरे, पुन्हा ही दगदग नको.’ त्यांचा हेतू मला जपण्याचा होता. परंतु मी तिकिटाच्या मागे हिशेब मांडला. माझे पाय रोगाने थोडे धरले होते आणि हात पुष्कळ. ज्या हातांनी मी मशीनवर परकर-ब्लाऊज शिवून घराला हातभार लावीत होते, ते हात कोणी पाहिलेच नव्हते. मग हा निकाल कशाचा झाला?

कायद्याच्या ५९ व्या कलमात याला उत्तर आहे. दाखल्याचा निर्णय मान्य नसेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते, आणि नियमाप्रमाणे त्याला नव्वद दिवसांची मुदत असते. मी एका पानाचा अर्ज लिहिला. त्यात कोणावर राग काढला नाही. ‘माझ्या हातांची तपासणी झालेली नाही, ती व्हावी’ एवढीच विनंती केली आणि वहीतल्या तीस दिवसांच्या नोंदी जोडल्या. फेरतपासणीत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझी मूठ मिटवून पाहिली, मनगट वळवून पाहिले, बटण लावायला दिले, आणि ते मला लागेना तेव्हा मुकाट्याने थांबल्या. घाई केली नाही. त्या एका मिनिटाच्या थांबण्याने मला पुष्कळ धीर आला. शेचाळीस टक्के झाले. दाखला पाच वर्षांपुरता आहे, नंतर पुन्हा तपासणी होईल. चढउताराच्या रोगात असे मुदतीचे दाखले देतात. मुदतीची तारीख मी देवघराजवळच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

आता दाखल्याने मिळते काय? अवास्तव आशा कोणी धरू नये, म्हणून जे आहे ते सांगते.

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. अठरा ते पासष्ट वर्षांच्या, निदान चाळीस टक्के अपंगत्व असलेल्या गरजू व्यक्तींना तिच्यातून दरमहा रक्कम मिळते. ती २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली आणि दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये करण्यात आली. अर्ज आपल्या वसईच्या तहसील कार्यालयाकडे जातो. दाखल्यासोबत रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड आणि आधारला जोडलेले बँकेचे पासबुक लागते. ज्यांना लाडकी बहीण योजनेचे पैसे मिळतात त्यांनी ध्यानात ठेवावे, की दोन्हींचा लाभ एकदम घेता येत नाही.

यात एक अडचण आहे, ती स्पष्ट बोलते. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपयांची आहे, आणि ते उत्पन्न एकट्या बाईचे नव्हे, सबंध कुटुंबाचे धरतात. महिन्याला सव्वाचार हजार रुपयेही होत नाहीत. मुलगा विरारला एखाद्या दुकानात कामाला असला तरी ती मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे जिच्या हाती स्वतःचा एक पैसा नाही, जिला औषधासाठी सुनेपुढे हात पसरावा लागतो, ती कागदावर ‘निराधार नाही’ अशी ठरते. घरात पैसा येतो आणि बाईच्या हाती पैसा असतो, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हे आपण बायका जाणतो. आपल्या लोकप्रतिनिधींपुढे हे म्हणणे मांडणे हेही मंडळाचे काम आहे, असे मला वाटते.

केंद्र सरकारचे इंदिरा गांधी अपंग निवृत्तिवेतन आहे. त्यासाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंब आणि ऐंशी टक्के अपंगत्व लागते. आपल्यापैकी फार थोड्यांना ते लागू पडेल. एस.टी. च्या भाड्यात चाळीस टक्क्यांवरील व्यक्तींना ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेच्या लांबच्या प्रवासात सवलत मिळते, पण ‘सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही’ असे डॉक्टरांनी रेल्वेच्या नमुन्यावर लिहून द्यावे लागते. नोकरी करणाऱ्यांना जुन्या करपद्धतीत प्राप्तिकरात सूट आहे. लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा आहे. आपल्या भागातल्या ज्या भगिनी पहाटेच्या गाडीने फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या घेऊन मुंबईला जातात, त्यांच्यापैकी जिचे हात दांडी धरू शकत नाहीत, तिला त्या डब्याचे मोल मी सांगायला नको. मात्र दाखला जवळ ठेवावा. आपले दुखणे चेहऱ्यावर लिहिलेले नसते आणि डब्यातली माणसे विचारतात. रागावू नये, कागद दाखवावा. महानगरपालिकेनेही आपल्या निधीतला पाच टक्के भाग दिव्यांगांच्या कल्याणासाठी ठेवायचा असतो. यंदा त्यातून काय चालले आहे, हे तिथे जाऊन विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

आणि ज्यांचे चाळीस टक्के भरत नाहीत त्यांनी काय करायचे? त्यांनीही खचून जाऊ नये. विकास कुमार नावाच्या एका परीक्षार्थीच्या हाताला लिहिताना गोळे येत. त्याची टक्केवारी चाळीसच्या पुष्कळ खाली होती, म्हणून त्याला लेखनिक नाकारला गेला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. चाळीस टक्क्यांची अट काही ठराविक लाभांपुरती आहे. वाजवी सोय मागण्याचा हक्क त्याखालच्यांनाही आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणजे शाळेत, बँकेत, कचेरीत काम करणारी बाई ‘मला उंच खुर्ची द्या, तळमजल्यावर बसवा, सकाळची वेळ अर्धा तास पुढे करा’ असे हक्काने म्हणू शकते. तिने ते उपकार म्हणून मागायचे नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात दोन कोटी अडुसष्ट लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. मला नेहमी वाटते, त्यात आपल्यासारख्या किती जणी नोंदल्याच गेल्या नसतील! गणना करणारा दारात आला तेव्हा त्या आतून ‘आमच्याकडे तसे कोणी नाही’ असेच म्हणाल्या असतील.

आता मंडळाला एक सूचना करते आणि माझे बोलणे पुरे करते. पापड-लोणच्याच्या वर्गासाठी आपण जशी एक दुपार ठेवतो, तशी महिन्यातली एक दुपार अर्ज भरण्यासाठी ठेवावी. ज्या मुलींना संगणक येतो त्यांनी भरून द्यावेत, ज्यांना कचेरीची वाट ठाऊक आहे त्यांनी सोबत जावे. तपासणीच्या दिवशी एकटी बाई गेली तर निम्मे बोलते, शेजारी मैत्रीण असली तर पुरते बोलते. आणि हळदीकुंकवाला आपण खाली सतरंजी घालतो, तिच्या कडेने चार खुर्च्याही मांडाव्यात. ज्यांना खाली बसता येत नाही त्या सध्या येतच नाहीत, हे आपल्या ध्यानात आले आहे काय?

वही कोणाला पाहायची असेल तर ती मी बरोबर आणली आहे. चहाच्या वेळी अवश्य मागा.